ओलं नायलॉन

शाळेत आम्ही कैलासला 'किळस' म्हणायचो. नावाशी जुळतं एवढ्यासाठीच नाही, तो होताच तसा. मधल्या सुट्टीत सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालायचे, तेव्हा हा आपला डबा घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा. पाण्याच्या टाकीच्या नळाला कुणी तोंड लावताना दिसलं, की त्या दिवशी हा घरी जाईपर्यंत तहानलेला राहायचा. पेन उसनं मागितलं तर देऊन टाकायचा. परत घ्यायचा नाही.

हे त्याला आईकडून आलं होतं. बदलापूर गावात नदीच्या अंगाला त्यांचा भाजीचा तुकडा होता. वडील नाथा पिकवायचे आणि आई, बनूबाई, डोक्यावर पाटी घेऊन अंबरनाथला फॅक्टरीच्या कॉलनीत विकायला जायची. मेथीची जुडीन् जुडी ती वाहत्या पाण्यात खळबळून घ्यायची. तिच्या भाजीत मातीचा कण सापडत नाही, हे कॉलनीतल्या साहेबांच्या बायकांना माहीत होतं. माल संपल्यावर रिकामी पाटीही धुतल्याशिवाय ती घरात घेत नसे.

नाथा गेल्यावर कैलास उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कारखान्यात लागला. कटिंग शिकला, फ्लॅटलॉकची सपाट शिवण शिकला आणि बऱ्याच वर्षांनी उल्हासनगरच्याच कॅम्प चारमध्ये बराकीतल्या दोन खोल्या घेऊन त्याने स्वतःच्या आठ मशिनी टाकल्या. माझं इलास्टिक, दोरा आणि चेनचं दुकान त्याच्यापासून तीन शटर सोडून आहे. त्यामुळे आमची शाळेतली ओळख पुन्हा ताजी झाली. त्याच्या कारखान्यात चपला बाहेर काढाव्या लागत. तोंडात गुटखा असलेला माणूस कितीही मोठा व्यापारी असला तरी त्याला उंबऱ्याच्या आत येता येत नसे. सिंधी लोक हसायचे. "साईं, कारखाना आहे की देऊळ?" पण माल त्याच्याकडेच टाकायचे.

सहा वर्षांपूर्वी त्याला एक वेगळं काम मिळालं. डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं वॉटर पार्क आणि थीम रिसॉर्ट आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे येणाऱ्यांना पाण्यात उतरायला भाड्याने जे नायलॉनचे कपडे देतात, ते शिवायचं काम. तिथला खरेदी मॅनेजर यज्ञेश फोनवर ऑर्डर द्यायचा आणि टेम्पो माल घेऊन जायचा. कैलासने ते काम जीव लावून केलं. बायकांचा फ्रॉक ओला झाला तरी अंगाला चिकटून आरपार दिसू नये म्हणून त्याने कापड जड घेतलं. शिवण चामडीला लागू नये म्हणून ती आतून सपाट केली. प्रत्येक पीसच्या कमरेला आतल्या बाजूने पिवळ्या दोऱ्याचा एक बारीक टाका असायचा. ती त्याची खूण. मला म्हणायचा, "राजा, माझ्या कपड्यात बाईमाणसाला लाज वाटणार नाही."

गेल्या मे महिन्यात यज्ञेशचा फोन आला. "कैलासभाऊ, सहा वर्षं माल देताय, एकदा तरी या ना आमच्याकडे. फॅमिलीला घेऊन या. दोन दिवस राहा, सगळं आमच्यातर्फे."

कैलासने रिसॉर्ट आतून कधी पाहिलंच नव्हतं. त्याची बायको तेजस्वी खूश झाली. मुलगी जिज्ञासा सातवीत होती, ती तर नाचायलाच लागली. बनूबाईंचा पाय निघत नव्हता, पण नातीने गळ घातली तेव्हा त्या तयार झाल्या. निघताना तेजस्वी म्हणाली, "अहो, आपल्या कारखान्यातले चार नवे पीस घेऊ का सोबत?"

"कशाला?" कैलास म्हणाला. "त्यांच्याकडे गरम पाण्याची मोठी मशीन आहे. नव्यासारखे करून देतात."

यज्ञेशने त्याला तसं सांगितलं होतं. पुढे जे काही झालं ते मी कैलासच्या तोंडून दहा वेळा, तेजस्वीच्या तोंडून दोन वेळा आणि बनूबाईंच्या तोंडून एकदा ऐकलंय.

शनिवारी सकाळी ते पोचले. फाटकावर फायबरचा इजिप्तचा राजा उभा होता. त्याच्या नाकाचा टवका उडाला होता आणि पायाशी पानाच्या पिचकाऱ्या होत्या. आत शिरल्या शिरल्या ढोल वाजायला लागला. अंगाला काळा रंग फासलेले, कमरेला प्लॅस्टिकच्या पानांचा घागरा बांधलेले चार पुरुष हातात खोटे भाले घेऊन 'हू हू' करत नाचत पुढे आले. वर पाटी होती, 'आफ्रिकन वेलकम'. गॉगल लावलेले पाहुणे त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होते. एकाने तर भालेवाल्याच्या कानात बोट घालून पोज दिली. तो माणूस हसतच राहिला.

बनूबाई त्याच्या पायांकडे बघत होत्या. जवळ जाऊन त्यांनी विचारलं, "घर कुठचा रं बाबा?"

त्या माणसाने आधी इकडेतिकडे बघितलं, मग हळूच रिसॉर्टमागच्या डोंगरातल्या आदिवासी ठाकूरवाडीचं नाव सांगितलं. तेवढ्यात सुपरवायझरची शिट्टी वाजली आणि तो पुन्हा 'हू हू' करत उड्या मारायला लागला.

बनूबाई पुढे चालता चालता म्हणाल्या, "डोंगर त्याचा, नि त्यालाच हितं माकड बनवलाय."

खोलीत पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. जिज्ञासाने त्याचा फोटो काढला. कैलासने हंस उलगडला तर आत केसांच्या रंगाचा तपकिरी डाग. त्याने टॉवेल दोन बोटांत धरून बाथरूमच्या कोपऱ्यात टाकला. चहा करायला म्हणून तेजस्वीने किटलीचं झाकण उघडलं, तर तळाला नूडल्सचा एक तुकडा सुकून चिकटलेला. उशीच्या अभ्र्यावर लांब केस होता. कैलासने खाली फोन केला. "हाउसकीपिंग भेजते हैं सर," असं उत्तर आलं. कुणी आलं नाही. शेवटी बनूबाईंनी आपल्या पिशवीतलं धुवट लुगडं काढलं आणि पलंगावर अंथरलं.

"जाऊ दे रं," त्या म्हणाल्या. "पोरीला पान्यात खेळू दे. त्याच्यासाठी आलोय ना?"

जेवणाच्या हॉलमध्ये शंभर जण एकदम घुसले होते. लोक ताटात आधी पनीर, त्यावर नूडल्स, त्यावर जिलेबी असं रचत होते. डाव एका भांड्यातून काढून दुसऱ्यात घालत होते. त्यामुळे खिरीत आमटीचा तवंग आला होता. ओल्या चड्डीतला एक माणूस लोणच्याच्या भांड्यात बोट बुडवून चव बघत होता. पलीकडच्या टेबलावरचं एक कुटुंब उठलं तेव्हा मागे सहा ताटं भरलेली तशीच राहिली होती. पुऱ्यांचा ढीग, अर्धा चावलेला गुलाबजाम, त्याच्यावर हात पुसलेला कागद. वाढपी आला आणि त्याने ते सगळं एका काळ्या पिशवीत ओतलं.

शेतीवर जगलेल्या घरच्या बनूबाई त्या पिशवीकडे बघत राहिल्या. त्यांनी मूठभर भात आणि ताक घेतलं. ताटात एक शीतही ठेवलं नाही. कैलास जेवलाच नाही. त्याने बिस्किटाचा पुडा आणला होता, त्यातली चार बिस्किटं खाल्ली.

दुपारी ते पाण्याकडे गेले. कपडे बदलायच्या खोल्यांच्या बाहेर काउंटर होता आणि त्याच्या मागे प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये कैलासने शिवलेले कपडे भरलेले होते. आकाशी रंग, गेल्याच डिसेंबरात पाठवलेला लॉट. कैलासला क्षणभर बरं वाटलं, असं तो म्हणतो. इतक्या लोकांच्या अंगावर आपण शिवलेलं.

काउंटरवरच्या बाईने न बघता त्याच्या हातात एक हाफपँट टेकवली. ती ओली होती. गार आणि बुळबुळीत. तो म्हणाला, "ताई, सुकलेली द्या."

"सुकलेली नाही सर. सगळे असेच आहेत. पाण्यातच जायचंय ना?"

त्याने पँट उलटी केली. कमरेला त्याचा पिवळा टाका होता आणि मांडीच्या आत कुणाची तरी जखमेची पट्टी चिकटलेली होती, रक्ताच्या डागासकट. त्यातून जो वास आला तो सांगताना कैलास आजही तोंड फिरवतो. घाम, क्लोरीन आणि मुतारी, तिन्ही एकत्र. त्याने पँट काउंटरवर टाकली आणि हात शर्टाला पुसणार तोच शर्टाचीही शिसारी आली, म्हणून तो तसाच हात लांब धरून उभा राहिला.

तेजस्वीच्या हातातल्या फ्रॉकची काखेत शिवण उसवली होती आणि गळ्याला चेहऱ्याच्या मेकअपचा जाड थर होता. तिने तो घातला नाही. "मी नाही जात," एवढंच म्हणाली.

"जिज्ञासा कुठाय?" कैलासने विचारलं.

जिज्ञासा कधीच कपडे बदलून पळाली होती.

जिथे कृत्रिम लाटा येतात त्या मोठ्या तळ्याच्या उथळ काठाला बनूबाई जाऊन टेकल्या. त्यांचे पाय सुजले होते. घोट्यापर्यंत गार पाणी लागलं तर बरं वाटेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. नऊवारीचा काठ वर खोचून त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि लगेच शिट्टी वाजली.

"ओ आजी! साडी अलाऊड नाही! उठा उठा!"

कैलास धावत गेला. "अहो, त्या पाण्यात उतरत नाहीयेत. नुसते पाय सोडलेत."

"पाय पण नाही सर. बोर्ड वाचा. नायलॉन कॉश्च्युम सक्तीचा, सगळ्यांना. काउंटरवर आजीच्या साइझचा मिळतो, फोर एक्सेल."

पाण्यातून कुणीतरी ओरडलं, "आजी को स्लाईड पे भेजो रे!" आणि सात-आठ जण हसले. एकाने मोबाइल वर धरला होता.

बनूबाई उठल्या. काठ खाली सोडला, पदर सारखा केला. "मना काय त्याचा," त्या म्हणाल्या. "मी तिकडं बसतंय." आणि उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

कैलास त्या बोर्डासमोर उभा होता. त्या बोर्डाबद्दल त्याने मला हे सगळं झाल्यावर बऱ्याच दिवसांनी सांगितलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं तेव्हा.

"राजा, तो बोर्ड मीच लावायला लावला."

तीन वर्षांपूर्वी यज्ञेशने फोनवर कुरकुर केली होती की लोक सुती कपडे घालून उतरतात, दोरे निघतात आणि फिल्टर तुंबतो. कैलास तेव्हा म्हणाला होता, "मग सगळ्यांनाच सक्ती करा. पाण्याला पाय लावणाऱ्यालासुद्धा. एकाला सूट दिली की सगळे मागतात. मी आजीबाईंच्या साइझपर्यंत शिवून देतो." त्या वर्षी त्याचं काम दुप्पट झालं. दोन मशिनी त्याच वर्षी आल्या. आजीबाईंची साइझ त्याने कागदावर काढली होती ती कुणाच्या तरी आजीची म्हणून.

कपडे धुतात कुठे हे बघायला तो त्या बोर्डासमोरून निघाला. तळ्यापलीकडच्या खोट्या पिरॅमिडच्या मागे, 'स्टाफ ओन्ली' लिहिलेल्या दारातून आत गेला. कुणी अडवलं नाही. बाजूला स्वयंपाकघराचा ओला कचरा पडला होता, त्यावर माशा घोंगावत होत्या. पलीकडे नोकरांच्या मुतारीची भिंत. त्या दोन्हींच्या मधे सिमेंटची टाकी, टाकीत चहाच्या रंगाचं पाणी आणि भोवती तीन बायका. क्रेट यायचा, त्या तो टाकीत उलटा करायच्या, दोनदा बुडवायच्या, पिळायच्या आणि परत क्रेटमध्ये भरायच्या. तारेच्या कुंपणावर थोडे कपडे वाळत होते. त्यांतले दोन घरंगळून कचऱ्यात पडले होते.

"मावशी, पाणी कधी बदलता?"

"सकाळी भरलाय." त्यांच्यातली एक वयस्क बाई मान वर न करता म्हणाली. "आता सांजच्याला सोडू."

"आणि मशीन? गरम पाण्याची?"

तिने हनुवटीने कोपरा दाखवला. मशीन होती. दार उघडं होतं आणि आत झाडू, जुने बल्ब आणि फाटलेल्या ट्यूब कोंबल्या होत्या.

"बंद हाय ती. मी आले त्याच्या आधीपासून." मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुमी घातलंत काय?"

"माझ्या पोरीने घातलंय."

बाईने हात पाण्यातून वर काढले. बोटांची टोकं पांढरी पडून सोललेली होती, दोन नखांच्या कडेला मांस दिसत होतं. "ती पावडर टाकतात ना, त्याच्यानं," ती म्हणाली. "घरी भात कालवताना झोंबतं." आणि पुढचा क्रेट ओढून घेतला.

कैलास तिथून भिंतीच्या आडोशाला गेला आणि त्याला उलटी झाली. पोटात चार बिस्किटंच होती.

यज्ञेशच्या केबिनमध्ये एसी चालू होता. तो उठून उभा राहिला. "बसा ना कैलासभाऊ! रूम कशी आहे? मुलगी खूश?"

"तुमची मशीन बंद आहे."

"कुठली?"

"कपडे धुवायची."

"अच्छा, ती! अहो दोन वर्षं झाली. पार्ट येतो म्हणतात, येत नाही. पण पाण्यात क्लोरीन असतं ना. पब्लिक पाण्यातच जाणार, मग वेगळं धुवायचं काय?"

"एकाच्या अंगावरचं काढून दुसऱ्याला देताय. त्यात रक्ताची पट्टी होती."

"कुठल्या काउंटरला? नंबर सांगा, झापतो मी त्या बाईला."

"बाईला नका झापू."

यज्ञेशने पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली. आवाज खाली आणून, घरच्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "भाऊ, तुम्ही धंद्यातले म्हणून सांगतो. हा आकाशी रंग आपला चुकला. डाग दिसतो. पुढचा लॉट नेव्ही ब्लू द्या, नाहीतर ब्लॅक. म्हणजे कंप्लेंटच येणार नाही."

कैलास सांगतो, त्या क्षणी त्याला यज्ञेशचा राग आलाच नाही. त्याचं लक्ष टेबलावरच्या वहीकडे होतं. वहीत त्याचं नाव, त्याचा फोन नंबर आणि शेजारी 'कॉश्च्युम' असं सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. तो एवढंच बोलला, "माझ्या आईला पाय सोडू दिले नाहीत."

"रूल आहे ना भाऊ." यज्ञेश हसला. "आणि रूल तुमचाच."

तो बाहेर आला तेव्हा भोंगा वाजत होता. म्हणजे आता लाटा सुरू होणार. चहूबाजूंनी माणसं धावत तळ्यात शिरत होती. पाचशे तरी असतील, खांद्याला खांदा, सगळ्यांच्या अंगावर आकाशी रंग. पाण्याचा रंग कळत नव्हता, इतकी माणसं. कडेला एक माणूस पाण्यातच उभा राहून गुळणी टाकत होता. लाट आली तशी काठाजवळ एक फुगलेला पांढरा बोळा हेलकावत वर आला. बाळाचा डायपर होता. बायका किंचाळून बाजूला झाल्या, मग हसल्या, आणि लाट त्याला गर्दीच्या मध्यात घेऊन गेली. मध्यात जिज्ञासा होती. तोंड उघडं ठेवून, डोळे मिटून, लाटेची वाट बघत.

कैलासने दोनदा हाक मारली. भोंग्यात ऐकू गेलं नाही. मग तो उतरला. अंगावर सुती शर्ट, सुती पँट, पायात बूट. शाळेत दुसऱ्याने वापरलेलं पेन परत न घेणारा हा माणूस छातीपर्यंत त्या पाण्यात शिरला. शिट्ट्या वाजल्या, लाउडस्पीकरवरून कुणीतरी ओरडलं, "ओ व्हाइट शर्ट, बाहर निकलो!" त्याच्या अंगाला माणसं घासत होती. कुणाची तरी दाढी, कुणाची पाठ, कुणाचं तेल लावलेलं पोट. एक लाट तोंडावर आली आणि घोटभर पाणी आत गेलं. त्याने पोरीचा दंड धरला.

"पप्पा! काय करताय? सोडा ना!"

"चल बाहेर."

"आत्ताच तर लाटा सुरू झाल्यात!"

तो तिला ओढतच काठावर घेऊन आला. सगळे बघत होते. मघाचा मोबाइलवाला आता त्याचं शूटिंग करत होता. जिज्ञासा रडायला लागली. पाण्याने नाही, लाजेने. तिच्याशी बोलायला आलेल्या दोन नव्या मैत्रिणी तिथेच उभ्या होत्या.

कपडे बदलून जिज्ञासाने ओला फ्रॉक काउंटरवर ठेवला. काउंटरवरच्या बाईने तो मागे टाकला नाही. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका तरुण बाईने, "चाइल्ड लार्ज आहे का?" असं आपल्या मुलीसाठी विचारलं होतं. तिच्याच हातात तो दिला.

"अहो, तो घेऊ नका," कैलास म्हणाला. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं. "आत्ताच काढलाय. धुतलेला नाही."

त्या बाईने त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. मग हसली. "चलता है दादा. एवढं कोण बघतं?" आणि मुलीला घेऊन खोलीत गेली.

ते त्याच दुपारी निघाले. खोलीतलं लुगडं बनूबाईंनी घडी करून पिशवीत न ठेवता हातातच धरलं. फाटकावर पानांचे घागरे घातलेले चौघे सावलीत बसून बिडी ओढत होते. ज्याच्याशी बनूबाई बोलल्या होत्या तो उठून उभा राहिला. त्यांनी मान हलवली.

घरी आल्यावर कैलासने तीनदा आंघोळ केली. शर्ट, पँट आणि बूट एका पिशवीत बांधून टाकून दिले. तिसऱ्या दिवशी जिज्ञासाच्या मांड्यांवर आणि पाठीवर लाल चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, फंगल आहे, महिनाभर मलम लावा. बरं व्हायला पाच आठवडे लागले. त्यातले चार दिवस ती बापाशी बोललीच नाही. चट्ट्यांमुळे नाही. "सगळ्यांसमोर मला ओढत आणलं," असं म्हणायची. तिला ती जागा आवडली होती. अजूनही आवडते. मलम लावून घेतानासुद्धा ती सांगायची की मोठ्या घसरगुंडीवर जायचं राहूनच गेलं.

कारखान्यात पुढच्या लॉटसाठी नेव्ही ब्लू कापडाचा ताका येऊन पडला होता. कैलासने तो टेबलावर पसरला, खडू घेतला आणि उभा राहिला. कापड कोरं होतं, प्लॅस्टिकमधून नुकतं काढलेलं. तरी त्याला वास आला. मी समोर होतो, मला काही आला नाही. त्याने खडू ठेवला आणि नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी त्याने ताका गुंडाळून परत पाठवला आणि यज्ञेशला फोन करून सांगितलं की आपलं जमणार नाही.

"भाऊ, पोरीला काही झालं का? डॉक्टरचं बिल पाठवा ना," यज्ञेश म्हणाला.

"नको."

आठवड्याच्या आत ती ऑर्डर कॅम्प पाचमधल्या एका कारखान्याला गेली. कैलासच्या मशिनी पाचवर आल्या. शिवणाऱ्या दोन बायका तिकडे गेल्या. जाताना एक जण त्याला म्हणाली, "कैलासदादा, तुम्ही सोडलं म्हणून पाणी साफ झालं का?"

त्याने तक्रारही केली. माझ्या दुकानात बसून मला मजकूर सांगितला आणि मी तो मोबाइलवरून त्या रिसॉर्टच्या पानावर टाइप केला. टाकी, मशीन, डायपर, पट्टी, सगळं. शेवटी तो म्हणाला, "आणि हेही लिही की हे कपडे मीच शिवत होतो. ती सक्तीही मीच सुचवली." मी विचारलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "लिही." दुसऱ्या दिवशी त्याखाली उत्तर आलं. 'प्रिय पाहुणे, आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार. आपली पुन्हा सेवा करण्याची संधी द्यावी.' पुढे हात जोडलेलं चित्र. त्याच्या वर आणि खाली लोकांनी दिलेले पाच-पाच तारे आणि हसणाऱ्या कुटुंबांचे फोटो.

बनूबाईंना मी एकदा विचारलं, "मावशी, त्या पोराने तुम्हाला उठवलं, वाईट वाटलं असेल ना?"

"त्या पोराचा काय," त्या म्हणाल्या. "त्याला सांगितलेला काम त्यानं केला. मना ती काली पिशवी दिसतं बघ. सहा ताटं. पोरं भुकेली नव्हती, तरी वाढून घेतला नि वर कागद पुसून टाकला." त्यांनी तोंड वाकडं केलं.

आता कैलास परकर शिवतो. कॅम्प दोनच्या एका व्यापाऱ्यासाठी, सुती, साधे, नाडी ओवलेले. त्यात त्याच्या हाताची करामत दिसत नाही. सरळ शिलाई, खाली पट्टी, झालं. मी म्हटलं, "काम हलकं झालं रे तुझं."

"असू दे," तो म्हणाला. "परकर एका बाईचा असतो. ती तो स्वतः धुते."

मग घड्या मोजता मोजता थांबून म्हणाला, "राजा, मला टाकी आठवत नाही फारशी. रांगेतली ती बाई आठवते. मी सांगितलं तरी हसली आणि पोरीला घालायला घेऊन गेली. तिला मी काय सांगायला हवं होतं?"

तेवढ्यात बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. कैलासने चपला घातल्या, मी एक गठ्ठा उचलला, त्याने दोन, आणि आम्ही माल चढवायला बाहेर गेलो.